होडीचं इंजिन आणि ग्रां बुआचा गणपती

आमच्या कामियोनेटमध्ये डिझेलचं इंजिन बसवण्याची कल्पना सत्यदेव मास्तरांची होती. हे मी मुद्दाम पहिल्या वाक्यात सांगून ठेवतो, कारण व्हाकोआ गावातल्या आमच्या आळीत आज कुणालाही विचारलंत तर ती माझी होती असंच सांगतील, आणि सांगणाऱ्यांत सत्यदेव मास्तर सगळ्यात पुढे असतील.

कामियोनेट म्हणजे पुढे तीन माणसं आणि मागच्या उघड्या हौद्यात भाजी, खत, बकरी, वऱ्हाड, जे मावेल ते नेणारा छोटा ट्रक. आमची युद्धाच्या आधीची होती. हिरवा रंग, गोल दिवे, आणि चेहऱ्यावर कायम कसलं तरी नवल वाटल्याचा भाव. ती मला सासऱ्यांनी दिली होती. आमच्यात सासऱ्यांना मामा म्हणतात. गोवर्धनमामा बेटाच्या दक्षिणेला, ग्रां बुआ गावी राहायचे, ऊस लावायचे, आणि त्यांच्या घरचा गणपती दरवर्षी याच गाडीतून नदीवर जायचा. गाडी देताना ते म्हणाले, वर्षभर तुम्ही तिच्यातून दगड वाहा, मला काही म्हणायचं नाही, पण चतुर्थीला ती माझ्या दारात उभी पाहिजे. मी सरकारी कचेरीतला वरिष्ठ कारकून. दगड वाहण्याचा प्रश्न नव्हता. मी तिच्यातून रोज फक्त स्वतःला वाहून नेत असे.

कॅरोल नावाच्या चक्रीवादळानंतरच्या वर्षी, जुलैत, तिच्या इंजिनाने अंग टाकलं. बंद पडलं असं नाही. बंद पडलं असतं तर एकदाचा निकाल लागला असता. ते चालायचं, पेट्रोल तर दावणीतून सुटलेल्या म्हशीसारखं प्यायचं, पण चढ दिसला की लग्नघरी रुसलेल्या आत्यासारखं जागच्या जागी बसायचं. आणि व्हाकोआ पडलं बेटाच्या मध्यावर, उंचावर. कुठूनही घरी यायचं म्हणजे चढ आलाच. सकाळी मी ऐटीत उताराने कचेरीत जायचो आणि संध्याकाळी कोट हातावर टाकून, रिमझिम पावसात, चालत परत यायचो. मागून कुणीतरी गाडी ढकलत आणायचं. बायको, राजलक्ष्मी, काही बोलायची नाही. ती पायऱ्यांवर टॉवेल घेऊन उभी राहायची, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

अशाच एका संध्याकाळी सत्यदेव मास्तर कुंपणाच्या बांबूंतून डोकं काढून म्हणाले, की पेट्रोलचे दिवस संपले. मास्तर प्राथमिक शाळेत भूगोल शिकवायचे, त्यामुळे पृथ्वीवर जे काही चाललंय त्याची जबाबदारी आपल्यावर आहे असं त्यांना वाटायचं. जर्मनीत म्हणे आता सगळं डिझेलवर. डिझेलचं इंजिन चढाला घाबरत नाही, पाण्याला घाबरत नाही, आणि एकदा बसवलं की नातवंडांपर्यंत बघायला नको. मी म्हणालो, बघतो. आमच्या आळीत ‘बघतो’ म्हणणं म्हणजे साखरपुडा. दुसऱ्या दिवशी दूधवाल्याने मला विचारलं, डिझेल कधी बसवताय.

इथे गास्तों आला. बाजारामागे त्याचं गॅरेज होतं. वजनदार, हसरा, मासेमारीचा नादी माणूस. त्याच्या क्रिओल बोलीतले दोनच शब्द मला कायम ऐकायला मिळाले: काम सुरू करताना ‘पा पेर’, म्हणजे घाबरू नका, आणि काम बिघडल्यावर ‘कोरेक’, म्हणजे झकास. तामारँच्या किनाऱ्यावर त्याचा एक कोळी दोस्त होता. वादळात फुटलेल्या कुठल्याशा मोठ्या लाँचचं डिझेल इंजिन त्या कोळ्याने आपल्या होडीत बसवलं होतं, आणि ते इतकं जड होतं की होडी सतत पाण्यात बुडी मारायच्या बेतात असायची. त्याला हलकं पेट्रोलचं हवं होतं, आम्हाला डिझेलचं. अदलाबदल. कुणी कुणाला काही द्यायचं नाही, घ्यायचं नाही. अशी सरळ गोष्ट माझ्या आयुष्यात पूर्वी कधी आली नव्हती, आणि तिथेच मला शंका यायला हवी होती.

शंका एकच आली, ती मी विचारली. होडीचं इंजिन गाडीत चालेल का? गास्तों म्हणाला, इंजिनाला काय ठाऊक आपण कुठे बसलोय ते. सत्यदेव मास्तरांनी मान डोलावली. मीही डोलावली. दोन शिकलेल्या माणसांनी एकदम मान डोलावली की त्या गोष्टीला आक्षेप घेणारा माणूस जवळपास सापडत नाही.

इंजिन आलं ते बैलगाडीतून. जुनं इंजिन त्याच बैलगाडीतून तामारँला गेलं. नवं जुन्यापेक्षा हातभर लांब निघालं, म्हणून गास्तोंने पुढची जाळी कापली. तरी मावेना, म्हणून आतला पत्रा मागे सरकवला, आणि त्याच्याबरोबर माझी बसायची जागाही. त्यानंतर माझे पाय क्लचपर्यंत पोहोचेनात, तेव्हा पाठीमागे एक लोड ठेवून मला पुढे ढकलण्यात आलं. बॉनेट मिटेना, ते सुतळीने बांधलं. धुराचं नळकांडं खालून काढायला जागा उरली नव्हती, ते बाजूने वर काढलं, चुलीच्या धुराड्यासारखं. सगळं झाल्यावर पुढचं वजन इतकं वाढलं की गाडी नाक जमिनीला लावून, नमस्कार घातल्यासारखी उभी राहिली. ती समतोल करायला मागच्या हौद्यात दगड भरावे लागले. मी सासऱ्यांच्या शब्दाला जागलो, एवढंच समाधान.

या सगळ्या काळात आमच्या अंगणात जत्रा होती. पलीकडच्या जमुनाकाकी भज्यांची टोपली घेऊन यायच्या आणि स्वतःच खात बसायच्या. त्यांचं मत होतं की हिरवा रंग डिझेलला लाभत नाही. पोस्टातले गजेंद्रबाबू रोज संध्याकाळी येऊन इंजिनाभोवती एक फेरी मारायचे, हात मागे बांधून, प्रेताला शेवटचं पाहावं तसं, आणि निघून जायचे. गास्तों प्रत्येकाला पा पेर म्हणायचा.

पहिल्यांदा गाडी सुरू करायची त्या रविवारी आळीने नारळ आणला. मी टाय लावून बसलो. गास्तोंने हँडल मारलं आणि गाडीच्या पोटातून असा काही धडधडाट निघाला की जमुनाकाकींच्या कोंबड्या छपरावर गेल्या. मी सगळ्यांकडे पाहून किंचित हात वर केला, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि गाडी मागे गेली.

मला वाटलं, चुकून रिव्हर्स पडला. म्हणून पुन्हा नीट पाहून पहिला टाकला. गाडी आणखी मागे गेली. तोवर तिने बांबूचं कुंपण पार केलं होतं. मी घाईघाईने दुसरा टाकला, या समजुतीने की पहिला बिघडला असेल तर दुसरा शाबूत असणार. तो शाबूतच होता. दुसऱ्या गिअरमध्ये मी सत्यदेव मास्तरांच्या शुशूच्या, म्हणजे दुधीसारख्या वेलफळाच्या, मांडवाखालून गेलो आणि त्यांच्या न्हाणीघराच्या भिंतीपाशी थांबलो. बॉनेटवर वेल, मांडीवर शुशूची फळं, आणि टाय खांद्यावरून मागे.

सगळी आळी पडलेल्या कुंपणावरून मागोमाग आली. मग गास्तों म्हणाला, “कोरेक.”

कारण शोधून काढायचा मान अर्थातच मास्तरांनी घेतला. मांडव गेल्याचं दुःख त्यांनी तिथल्या तिथे बाजूला ठेवलं. त्यांचं म्हणणं, इंजिन बनलंय उत्तर गोलार्धात आणि चालतंय दक्षिण गोलार्धात. न्हाणीतलं पाणीसुद्धा तिकडे एका दिशेने आणि इकडे दुसऱ्या दिशेने फिरत जातं, मग इंजिनाने काय पाप केलंय. गजेंद्रबाबूंनी विचारलं, मग आधीचं इंजिन कसं सरळ चाललं? मास्तर म्हणाले, त्याला सवय झाली होती.

गास्तोंने मात्र डोकं खाजवून खरं ते सांगितलं. मोठ्या लाँचला दोन इंजिनं असतात, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. लाँच सरळ जावी म्हणून ती एकमेकांच्या उलट फिरतात. आमच्या वाट्याला त्यातलं उलटं आलं होतं. परिणाम असा, की आता आमच्या गाडीला पुढे जायला एकच गिअर होता, तो म्हणजे रिव्हर्स, आणि त्यात ती पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने जायची. मागे जायला मात्र चार गिअर होते, एकापेक्षा एक वेगवान. उपाय होता. मागचा आस उलटा करून बसवायचा की झालं. पण त्यासाठी एक सुटा भाग लागणार, तो विलायतेहून बोटीने येणार, आणि बोट येणार चतुर्थीनंतर.

मी म्हणालो, मग जुनं इंजिन परत आणू. त्याच सुमारास तामारँचा कोळी स्वतःच आमच्या दारात येऊन थडकला. आमचं इंजिन लावल्यावर त्याची होडी मागे मागे जात थेट वाळूवर चढली होती, आणि तिथे कुणा साहेबाचं कुटुंब जेवायला बसलं होतं. तो चिडून आला असेल असं वाटून मी आतल्या खोलीत गेलो. पण तो तर हार घेऊन यायचाच बाकी होता. त्याने होडीचा पाण्यातला पंखा तेवढा बदलला, आणि आता होडी अशी पळत होती की सगळा किनारा बघत राहायचा. इंजिन परत द्यायचं नाव काढताच त्याने माझे दोन्ही हात हातात घेतले, माझ्या घराण्याला आशीर्वाद दिला, आणि आलेल्या बसने परत गेला.

मग सरकार जागं झालं. गाडीचं इंजिन बदललं तर तपासणी करून घ्यावी लागते, हे मला कचेरीतल्याच एका हितचिंतकाने सांगितलं. राजधानीला, पोर्लुईला गेलो. तिथल्या साहेबांनी इंजिन कशाचं विचारलं. मी खरं बोललो. ते म्हणाले, नावेचं इंजिन असेल तर बंदरावरच्या कचेरीत जा. बंदरावर विचारलं, नावेचं नाव काय? मी म्हणालो, नाव नाही, गाडी आहे. ते म्हणाले, मग इकडे का आलात? परत पहिल्या साहेबांकडे. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की आयुष्यभर मी लोकांकडे खिडकीच्या आतून कसं पाहत आलोय ते मला पहिल्यांदाच समोरून दिसलं. शेवटी ठरलं की तपासनीस व्हाकोआला येतील आणि गाडी डोळ्यांनी बघतील.

तपासनीस आले. बारीक मिशीचे, स्वच्छ बुटांचे, कायद्यावर प्रेम करणारे गृहस्थ. त्यांनी धुराड्याकडे पाहिलं, सुतळीकडे पाहिलं, दगडांकडे पाहून चष्मा पुसला. मग म्हणाले, पुढे घ्या. मी रिव्हर्स टाकून गाडी पुढे नेली, सावकाश, सभ्यपणे. ते शेजारून चालत आले आणि खूश झाले. मग ते गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, आता मागे घ्या.

मी त्यांना तिथून बाजूला व्हायला सांगितलं होतं. राजलक्ष्मी साक्षीला आहे. पण कायद्यावर प्रेम करणारी माणसं रस्ता सोडत नाहीत. माझा पाय लोडामुळे क्लचवरून निसटला आणि गाडी सुटली. तपासनीस जमुनाकाकींच्या ओट्यावर कसे पोहोचले हे मला ठाऊक नाही. मधे तीन पायऱ्या आहेत, त्यांतली एकही वापरल्याचं कुणी पाहिलं नाही. जमुनाकाकींनी त्यांना भजी दिली. भजी खाऊन त्यांचा श्वास परत आला आणि बराच विचार करून त्यांनी निर्णय दिला: गाडीला मागे जाण्याचा गिअर असला पाहिजे असं कायदा म्हणतो. किती असावेत, याबद्दल कायदा गप्प आहे. त्यांनी शिक्का मारला. जाताना मात्र ते गाडीला दुरून वळसा घालून गेले.

आता उरलं ग्रां बुआ. मामांना यातलं काहीही कळू द्यायचं नाही, असं मी राजलक्ष्मीला बजावलं होतं. त्यांनी माझ्या हातात धडधाकट गाडी दिली होती. चतुर्थीच्या दिवशी अख्ख्या गावासमोर त्यांच्या जावयाने गाडीची होडी केली असं दिसलं असतं, तर मला सासुरवाडीची वाट कायमची बंद. राजलक्ष्मी म्हणाली, ठीक आहे. गाडीत बसायला मात्र तिने साफ नकार दिला. ती आदल्या दिवशी सकाळी बसने गेली.

मीही त्याच सकाळी निघालो, आणि पुढच्या गिअरच्या, म्हणजे मागच्या गिअरच्या, त्या एकाच चालीने अख्खा प्रवास केला. सायकलवाले पुढे गेले. उसाच्या बैलगाड्या पुढे गेल्या, त्यांच्यावर बसलेल्या माणसांनी मला ऊस देऊ केला. क्युरपिपच्या पुढे एक अंत्ययात्रा मागून आली आणि रस्ता अरुंद असल्यामुळे माझ्या मागेच अडकली. रस्त्याच्या कडेचे लोक टोप्या काढून उभे राहू लागले. माझा काळा कोट, वर धूर सोडणारी गाडी आणि ती चाल बघून त्यांना मी दुःखितांतला मुख्य वाटलो असणार. एका म्हाताऱ्याने माझ्यासाठी छातीवर क्रूस काढला. मीही मान लववली. दुसरं काय करणार? नुव्हेल फ्रान्स गावाच्या वळणावर ते स्मशानाकडे वळले तेव्हा मला आपलं माणूस गेल्यासारखं वाटलं.

दिवस कलताना मी ग्रां बुआला पोहोचलो. राजलक्ष्मी जेवून, झोपून, वेणी घालून ओट्यावर बसली होती. मामा अंगणात उभे होते. उंच, वाळलेले, जाड पांढऱ्या मिशांचे. त्यांनी धुराड्याकडे पाहिलं, सुतळीकडे पाहिलं आणि विचारलं, वाटेत काही त्रास? मी म्हणालो, छे. ते म्हणाले, हं. मी गाडी अशी उभी केली की दुसऱ्या दिवशी मागे घ्यायची वेळच येऊ नये. कुंतीमामी, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या की गाडी जरा मागे सारा, तुळशीला ऊन लागत नाही. मी तुळसच उचलून पुढे ठेवली. जेवताना मामांच्या धाकट्या भावाने विचारलं, इंजिनाचा आवाज वेगळा येतो का हो? मी म्हणालो, तेल बदललंय. सगळे मान खाली घालून जेवत होते. मला त्या शांततेचा फार अभिमान वाटला. मला वाटलं, जमलं.

दुसऱ्या दिवशी विसर्जन; मामांचा गणपती चतुर्थीला सकाळी बसायचा आणि त्याच दिवशी नदीवर निघायचा. हौद्यातल्या दगडांवर चादर घालून छान चौथरा झाला. कडेला केळीचे खांब आणि ऊस बांधले. गणपती केबिनला पाठ लावून, तोंड मागे करून बसवला, म्हणजे मागून चालणाऱ्यांना दर्शन होत राहील. माझ्या शेजारी मामा बसले. मागे ढोलकी, झाकरी, म्हणजे फेर धरून गायची गाणी, म्हणणारी मंडळी, आरत्या घेतलेल्या बायका, सगळं गाव. मी गुपचूप रिव्हर्स टाकला आणि गाडी पुढे निघाली.

आणि खरं सांगतो, इतकी सुंदर मिरवणूक ग्रां बुआत पूर्वी निघाली नसेल. दरवर्षी गाडी पुढे पळायची आणि माणसं मागे धापा टाकायची. यंदा गाडी बरोबर माणसाच्या पावलाने चालली होती. धडधडाट ढोलकीच्या ठेक्यात मिसळला होता. झाकरीवाल्यांनी फेर धरला. बायका म्हणू लागल्या, राजलक्ष्मीच्या नवऱ्याचा हात किती हलका आहे. मी मामांकडे तिरक्या डोळ्याने पाहिलं. त्यांचा चेहरा दगडी होता.

नदीच्या आधी एक चढ लागतो. त्याच्या पायथ्याशी गाडीच्या पोटात काहीतरी कडकडलं, दळल्यासारखा आवाज आला, आणि गाडी थांबली. इंजिन चालू, चाकं गप्प. मी गिअर पुन्हा टाकला. नुसतं पीठ दळल्याचा आवाज. व्हाकोआहून इथवर ज्या एका गिअरने मला आणलं होतं, त्याचे दात पडले होते.

मागे आरती थांबली. मी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोरच्या चढाकडे बघत राहिलो. गणपती रस्त्यात, गाव रस्त्यात, आणि जावई असा.

मामा समोर बघतच म्हणाले, “आता फिरवा तोंड आणि चला मागं मागं. तिकडचे चार तर शाबूत हायत ना?”

मी त्यांच्याकडे पाहिलं.

“राजू काल बशीतनं उतरली, चपला काढायच्या आधी सगळं सांगितलंन,” ते म्हणाले. “तुमी तुळस उचललीत तवा आमी पडवीत तोंडात धोतर कोंबून बसलो होतो.”

त्यांच्या मिशा थरथरायला लागल्या. मला वाटलं रडतात की काय. ते हसत होते. आवाज न करता, खांदे उडवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मागच्या काचेतून पाहिलं तर झाकरीवाले एकमेकांच्या गळ्यात पडले होते. माझ्या आदल्या दिवशीच्या सगळ्या युक्त्या अख्ख्या गावाने मिटक्या मारत पाहिल्या होत्या. माझं असं झालं, की रागवावं की उसात पळून जावं हेच ठरेना. मग लक्षात आलं, पळायचं तरी गाडीतून उतरून पायीच, आणि गणपतीला सोडून कसं जाणार.

मंडळींनी हातांनी ढकलून गाडीचं तोंड फिरवलं. मी पहिला गिअर टाकला आणि ती हौदा पुढे करून चढ चढू लागली. आता काय झालं, की गणपती रस्त्याकडे तोंड करून ऐटीत पुढे, आणि मागच्या गावाला दर्शन कुणाचं, तर सुतळी बांधलेल्या बॉनेटचं आणि काचेआड माझं. गाडीच्या पुढे येऊन चालायला कुणीही तयार नव्हतं. तपासनिसांची गोष्टही राजलक्ष्मीने सांगितली होती. आरती तर मधेच सोडता येत नाही. तेव्हा त्यांनी ती तशीच पुढे चालू केली. पन्नासएक माणसं माझ्याकडे बघत, टाळ्या वाजवत, सुखकर्ता दुःखहर्ता म्हणत होती. एका फार म्हाताऱ्या बाईने, तिला कमी दिसायचं, बॉनेटला कुंकू लावलं आणि काचेसमोर निरांजन ओवाळलं. मी हात जोडणार होतो, पण मामा म्हणाले, हात चाकावर.

शिवाय मला रस्ता दिसत नव्हता. मागच्या काचेतून फक्त गणपतीची पाठ. म्हणून खिडकीतून डोकं बाहेर काढून, उजवीकडे मान पिरगाळून, मी तो सगळा चढ आणि नदीपर्यंतचा उतार पार केला. मामा हौद्यात चढून गणपतीला धरून उभे होते आणि मला वाट सांगत होते. त्यांचा आवाज असा काही लागला होता, की मला वाटलं हा माणूस बरीच वर्षं गप्प होता.

गणपती नीट पोहोचला. पाण्यात उतरताना मामांनी मला बरोबर घेतलं, मूर्तीची एक बाजू माझ्या हातात दिली. पूर्वी ती कुणाला दिलेली मी पाहिली नव्हती.

परत आल्यावर मामांनी गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर हात ठेवला आणि ती इथेच ठेवून जा म्हणाले. उसाच्या पाणंदीत गाडी वळवायला जागा नसते. शिरावं लागतं हळू आणि निघावं लागतं मागच्या मागे. त्या कामाला अशी गाडी शोधून सापडायची नाही. दात ते बसवून घेणार होते, आस मात्र कुणी उलटा करायचा नाही. मी राजलक्ष्मीकडे पाहिलं, राजलक्ष्मीने कुंतीमामींकडे. कारण गाडी आमच्याकडे आली होती तीच मुळी मामींमुळे. मामा ती इतकी जोरात हाणायचे, की एकदा मामींच्या डोक्यावरचा पदर आणि मांडीवरच्या दोन कोंबड्या वाटेत उडून गेल्या, त्या सापडल्याच नाहीत. त्या दिवशी मामींनी त्यांना पुन्हा गाडी न हाकण्याची शपथ घातली होती. आता त्यांनी विचार केला, विचारलं, पुढं किती जोरात जाते म्हणालात? मी म्हणालो, मामी, बैल बरा. मग राहू दे, त्या म्हणाल्या. त्यांनी मला वाढलेली शेवटची पुरणपोळी इतकी तुपाने थबथबलेली होती, की मी सगळ्या अपमानांसकट ती गिळली.

आम्ही संध्याकाळच्या बसने निघालो. माझी मान उजवीकडेच अडकून बसली होती, समोर वळायचं नावच घेईना. मागच्या बाकावरच्या बाईंनी थोडा वेळ सहन केलं, मग आपल्या नवऱ्याला पुढे बसवलं. राजलक्ष्मीने मला खिडकीपाशी सरकवलं, की बघायचंच असेल तर बाहेर बघा. मी बाहेर, मागच्या रस्त्याकडे बघत बसलो. ती हळूच म्हणाली, सांगायला नको होतं ना मी? मी म्हणालो, नाही, बरं केलंस. मान वळत नसल्याने हे मला बाहेरच्या उसाकडे बघून म्हणावं लागलं.

नुव्हेल फ्रान्सच्या चढावर बस धापा टाकू लागली. तेवढ्यात मागच्या वळणावर काळा धूर दिसला. मग धडधडाट. मग केळीचे खांब बांधलेला रिकामा हौदा, वाऱ्यासारखा येत असलेला. आमची गाडी होती, मागच्या मागे, चौथ्या गिअरमध्ये. ती बसच्या बाजूला आली, माझ्या खिडकीला खिडकी लागली, आणि त्या खिडकीतून गोवर्धनमामांचं डोकं बाहेर होतं, मान पिरगाळलेली, मिशा वाऱ्यावर. मला बघून त्यांनी एक डोळा मिटला आणि ते बसच्या पुढे निघून गेले.

बसमधली सगळी माणसं उभी राहून पाहत होती. राजलक्ष्मी माझ्या खांद्यावरून वाकली, धूर विरेपर्यंत बघत राहिली, आणि मग पदर सावरून नीट बसली.

“आईला सांगू नका,” ती म्हणाली.